मुकी झालेली प्रार्थना

प्रश्न : पक्षाघातानंतर यजमान हळूहळू सावरत आहेत; परंतु प्रार्थनेस बसले की शब्दच सुचत नाहीत. माझी श्रद्धा उणावली काय? (एक भगिनी, दिग्रस)

उत्तर : भगिनी, दिग्रसहून यवतमाळच्या इस्पितळाच्या खेपा घालून आणि रात्री जागून शिणलेल्या देहाला शब्द सुचेनात, एवढ्यावरून श्रद्धेचा निवाडा करणे मला मुळीच मान्य नाही. यशयाच्या ३८व्या अध्यायात मरणाच्या दारी पोचलेल्या हिज्कीया राजाने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळले, तेव्हा देवाने त्याच्या आयुष्यात १५ वर्षांची भर घातली. तरीही गळवावर अंजिरांचा लेप लावण्याची तजवीज संदेष्ट्याने केलीच, हा तपशील औषधोपचारास अविश्वास समजणाऱ्यांनी अवश्य वाचावा. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर, आपला मरणोन्मुख सहकारी एपफ्रदीत बरा झाला ती दया केवळ त्याच्यावर नव्हे, तर दुःखावर दुःख कोसळू नये म्हणून आपणांवरही झाली, असे खुद्द पौल कबूल करतो. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याची व्यथाही देवाच्या दरबारी रुजू होते.

याकोबाच्या ५व्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना रुग्णाकडे बोलावण्यास सांगितले आहे. तेव्हा येत्या रविवारी पाळकांना घरी बोलवा, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम व औषधे चुकवू नका, आणि तुमचे शब्द परत येईतो प्रार्थना मंडळीला म्हणू द्या.