बंदीला विरोध करणाऱ्यांचे ऐकावे का?

अभ्यासपाठ
वाचन : प्रेषितांची कृत्ये १९:१७-४१, याकोब २:१४-१७



पाड्यांवरील कामाची माहिती देण्यासाठी मी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मंडळ्यांत जाते. व्यसनमुक्तीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, सरकार राज्यभर विडी-सिगारेट एकदाची बंदच का करीत नाही?" विचारणाऱ्याची कळकळ खरी असते. कोणाचे वडील, कोणाचा भाऊ कर्करोगाने गेलेला असतो. पण त्याला जोडून दुसराही प्रश्न आपण विचारला पाहिजे : कायदा कडक होऊ लागला की विरोधाला कोण उभे राहते, आणि का? या पाठात आपण त्याचा पवित्र शास्त्राच्या आधाराने विचार करू.

१. कायदा कोठवर आला आहे?

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. २००३ मध्ये केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. त्यालाच 'कोटपा' म्हणतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. २४ सप्टेंबर २०२० च्या आदेशाने सुट्या विडी-सिगारेटची विक्री आपल्या राज्यात बंद झाली. सुटी विडी घेणाऱ्याच्या हातात पाकिटावरचा धोक्याचा इशारा पोहोचतच नाही, हे त्यामागचे कारण. पुढे २०२१ च्या आरंभी केंद्राने कोटपा आणखी कडक करण्याचा मसुदा मांडला. त्यात तंबाखू विकत घेण्याचे वय १८ वरून २१ करण्याची आणि सुटी विक्री देशभर थांबवण्याची सूचना होती.

या सर्व पावलांचा हेतू चांगला आहे. तंबाखूने माणसे मरतात, यात शंका नाही. तरीही विरोध झाला.

२. सोलापूरची आरोळी

आपल्या राज्यात हा विरोध सर्वांत मोठ्याने ऐकू आला तो सोलापुरातून. तेथे हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचे आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. जितक्या विड्या, तितके पैसे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र छापण्याचा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला, तेव्हा सिगारेटच्या मोठ्या कंपन्यांनी उत्पादन थांबवले आणि विडी कारखानदारांनीही काम बंद ठेवले. मालकाचे काम बंद म्हणजे बाईची चूल बंद. कोटपाच्या कडक तरतुदींविरुद्ध विडी कामगार स्त्रिया व त्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या, त्या या भीतीने.

या स्त्रिया आपल्याला वाटतात तितक्या परक्या नाहीत. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या भागात, वारली बांधवांची वेठबिगारी मोडण्यासाठी गोदावरी परुळेकर उभ्या राहिल्या. त्यांचा पक्ष व विचार वेगळा होता, पण वारल्यांनी त्यांना आपली गोदूताई मानले. त्याच गोदूताईंच्या नावाने सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या हाती आली. आपल्या पाड्यांवरची वेठ आणि तेथील विडीची मजुरी या दोन्हींमागे एकच गोष्ट आहे : दुसरा रोजगार नसणे.

३. इफिस येथे काय घडले?

आता कृत्ये १९ उघडा. देमेत्रिय अर्तमीचे रुप्याचे देव्हारे करवून घेत असे, आणि त्यावर कारागिरांना पुष्कळ काम मिळत असे. पौलाच्या शिकवणीने धंदा बुडेल, हे त्याने ओळखले. तो कारागिरांना गोळा करून आधी कमाईचे बोलतो आणि मग देवीच्या मानाचे. जमाव खवळतो, दोन तास आरोळी चालते. पण ३२ वे वचन नीट वाचा. जमलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते.

येथे दोन माणसे वेगळी करून पाहिली पाहिजेत. एक देमेत्रिय, ज्याचा नफा जातो. दुसरा त्याचा कारागीर, ज्याची भाकरी जाते. दोघे एकच घोषणा देतात, म्हणून दोघांचे दुःख एक होत नाही. तंबाखूच्या प्रश्नातही मालक पुष्कळदा मजुराला पुढे करून स्वतः मागे राहतो. आपण मालकाच्या युक्तिवादाला भुलू नये. पण तो मजुराच्या तोंडून आला म्हणून मजुराची भूक खोटी ठरवू नये.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. १९ व्या वचनात जादूटोणा करणाऱ्यांनी विश्वास ठेवल्यावर आपली पुस्तके सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली. ते नुकसान त्यांनी स्वतः सोसले. पौलाने कोणाचे दुकान बंद करण्याचा हुकूम मागितला नव्हता. खुद्द शहराच्या शिरस्तेदाराने पौलाच्या सोबत्यांना देवीची निंदा व देवळाची लूट यांपासून निर्दोष ठरवले. आपण राज्यभर बंदी मागतो तेव्हा मात्र किंमत आपण देत नाही. ती सोलापूरची बाई देते, पाड्यावरची दुकानदारीण देते. त्यागाचा उपदेश आपला आणि त्याग दुसऱ्याचा, असे होते.

४. आपल्या घराजवळ

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर, वीटभट्टीवर, लहानशा दुकानात मिठाच्या पुडीशेजारी विडीचे बंडल असते. मजूर दोन विड्या मागतो, कारण अख्ख्या बंडलाचे पैसे त्याच्याकडे नसतात. एका पाड्यावरची दुकानदारीण मला म्हणाली, "ताई, विडी नको ठेवू म्हणता, नाही ठेवत. पण गिऱ्हाईक विडीला येतं, तेव्हाच मीठ-तेल नेतं." तिला कायदा ठाऊक नाही, हिशेब मात्र पक्का ठाऊक आहे.

गडचिरोली-गोंदियाकडे पाहा. २०१३ पासून तेथील कितीतरी ग्रामसभांनी वनहक्क आणि पेसा कायद्याच्या बळावर तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत मिळणारा हा आदिवासी कुटुंबांचा मोठा रोख पैसा. आपण त्याबद्दल आनंद मानतो. पण ते पान विडीसाठीच जाते. एका हाताने पानाचे कौतुक आणि दुसऱ्या हाताने विडीबंदीचा अर्ज, हा गुंता प्रामाणिकपणे मान्य करावा लागेल.

आणखी एक बाब. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. एकूण प्रौढांपैकी धूर ओढणारे केवळ ३.८ टक्के, तर चघळणारे-लावणारे २४.४ टक्के आहेत (काही दोन्ही करतात). म्हणजे उद्या धूम्रपान पूर्ण थांबले तरी पाड्यावरच्या बाईची मशेरी आणि पोराच्या खिशातली पुडी तशीच राहील.

५. मग आपण काय करावे?

याकोब सांगतो की उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास निर्जीव आहे. पर्यायाशिवाय बंदी मागणे त्या आशीर्वादासारखेच आहे. म्हणून बंदी मागूच नये, असे मी म्हणत नाही. विडी वळणाऱ्या बाईची फुप्फुसेही तंबाखूच्या धुळीने भरतात, तिचे तान्हे मूल त्याच सुपाशेजारी झोपते. तिलाही या कामातून सुटका हवी आहे. तिची सुटका आणि तिची भाकरी ही दोन्ही मागणी एकाच अर्जात असावी.

विडीवरील उपकरातून कामगारांच्या दवाखान्यांना व मुलांच्या शिष्यवृत्तीला आधार देणारा कल्याण निधी १९७६ च्या कायद्याने उभा राहिला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. बंदीचे निवेदन लिहिणाऱ्या मंडळीने त्या निधीची भरपाईही मागावी. पाड्यावर दुकानदारणीला विडी काढायला सांगण्याआधी बचत गटातून दुसरा माल भरायला भांडवल मिळेल का, ते पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. देमेत्रिय आणि त्याचा कारागीर यांत तुम्ही कोणता फरक पाहता?
२. आपल्या मंडळीतील कोणाचे घर तंबाखूच्या धंद्यावर चालते का? त्यांच्याशी आपण कधी बोललो आहोत का?
३. पाड्यावरील एका कुटुंबाला पर्यायी रोजगार मिळावा, यासाठी आपला गट या तिमाहीत काय देऊ शकेल?

प्रार्थना

हे प्रभू, व्यसनाने खंगलेल्यांना मुक्त कर. त्या व्यसनावर ज्यांचे पोट आहे त्यांनाही विसरू नको. जे ओझे आम्ही स्वतः उचलत नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यापासून आम्हांला राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.