जुनी गोळी की नवी?

प्रश्न : भावाला स्किझोफ्रेनिया आहे. हॅलोपेरिडॉलने कानातले आवाज थांबले, पण हात थरथरतात. लोक म्हणतात, नवी महागडी गोळी घ्या. काय करावं? – एक वाचक, मोखाडा

उत्तर : महाग ते गुणकारी, असा हिशेब इथे चालत नाही. अमेरिकेतल्या २००५ च्या ‘कॅटी’ अभ्यासात परफेनॅझिन ही जुनी गोळी बहुतेक नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरली. फरक पडतो तो त्रासाच्या प्रकारात. हॅलोपेरिडॉलने हात कापतात, अंग आखडतं. ओलान्झापिनने भूक सुटते, वजन आणि रक्तातली साखर वाढते. क्लोझापिन तेवढं खरोखर वेगळं, पण ते दोन औषधं हरल्यावरच, आणि रक्त तपासत राहावं लागतं. पाड्यावरून ते जिकिरीचंच.

थरथर डोस कमी करूनही बऱ्याचदा आटोक्यात येते. नाहीतर डॉक्टर गोळी बदलतील. मनाने बंद मात्र करू नका, आवाज परततात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. मात्र जुन्या फ्लुफेनॅझिनच्या इंजेक्शनानेही हात कापतात. अडलंच तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोला.