खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ आणि त्यावर चरणारे मासे

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळणे ही आता आपल्याकडे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बहुतेक घरांत टाकी असते ती गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभे करणारे त्या मानाने थोडे, आणि त्यातले बरेचजण पहिल्या वर्षातच कंटाळून ते मोडतात. पुष्कळदा याला कारण होते ते शेवाळ. प्रथम काचेवर तपकिरी थर धरतो, मग दगडांवर हिरवी छटा येते, आणि बघता बघता सगळी टाकी केसाळ हिरव्या झुपक्यांनी भरून जाते. अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो : "शेवाळ खाणारा एखादा मासा सोडा, आठ दिवसांत टाकी स्वच्छ होईल." या सल्ल्यात तथ्य किती आहे ते प्रस्तुत लेखात पाहू.

सल्ल्याचे मूळ समुद्रातच आहे. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तीवर भरपूर ऊन असते, पाणी उबदार असते. तरीही तेथील खडक शेवाळाने झाकलेले दिसत नाहीत. तेथे शेवाळ उगवत नाही असे नव्हे. ते उगवते त्याच वेगाने खाल्ले जाते. सर्जन मासे, पोपट मासे, ससा-मासे यांचे थवे दिवसभर खडक खरवडत हिंडत असतात. ही चराई थांबली तर काय होते याचे उदाहरण जमैकाच्या किनाऱ्यावर घडले. तेथे अतिरेकी मासेमारीमुळे शेवाळखाऊ मासे आधीच विरळ झाले होते, आणि त्यांचे काम लांब काळ्या काट्यांचा डायडेमा हा सी-अर्चिन जवळजवळ एकट्याने करीत होता. १९८० च्या 'ॲलन' चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड झाली, तरी नवे प्रवाळ धरू लागले होते. मात्र १९८३ च्या जानेवारीत पनामा कालव्याच्या कॅरिबियन मुखाजवळ या अर्चिनांमध्ये साथ सुरू झाली आणि वर्षभरात ती सबंध कॅरिबियन समुद्रात पसरली. नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा मेले. १९७७ साली जमैकाच्या भित्तींचा सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० नंतरच्या पाहणीत तो अवघा ३ टक्के उरला होता, आणि शेवाळाचा वाटा ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला होता.

म्हणजे चरणारे प्राणी हवेत हे खरे. परंतु सगळा भार एकाच जातीवर टाकणे धोक्याचे आहे. टाकीत एकच मासा सोडून निश्चिंत होणारा नेमके हेच करतो.

आता टाकीकडे वळू. समुद्र आणि टाकी यांत एक मोठा फरक आहे : टाकीतून काहीही आपोआप बाहेर जात नाही. शेवाळाला वाढण्यासाठी प्रकाशाबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि हे दोन्ही आपणच माशांच्या खाद्यातून आत टाकतो. एक साधा हिशेब करून पाहावा. कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो असे धरले तर १० ग्रॅम खाद्यातून ०.१ ग्रॅम फॉस्फरस, म्हणजेच सुमारे ०.३ ग्रॅम फॉस्फेट आत जाते. टाकी ३०० लिटरची असेल तर लिटरमागे हे एक मिलिग्रॅम झाले. प्रवाळभित्तीभोवतीच्या समुद्रात हेच प्रमाण सरासरीने लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास असते. खाद्याचा काही भाग माशांच्या वाढीत जिरतो हे मान्य. पण बाकीचा पाण्यातच राहतो, आणि खाद्य तर आपण रोज घालतो.

शेवाळ खाणारा मासा या हिशेबात काय बदल घडवतो? फारच थोडा. त्याने खाल्लेल्या शेवाळातील नायट्रोजनचा मोठा हिस्सा कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन परत पाण्यात येतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि ते नव्या शेवाळाच्या तोंडी पडते. मासा शेवाळ कापतो, पण गवत कापून ते शेतातच टाकावे तसा हा प्रकार आहे. गवत बांधाबाहेर न्यायचे काम पाळणाऱ्यालाच करावे लागते : पाणी बदलणे, प्रोटीन स्किमरने सेंद्रिय मळ फेसावाटे काढणे, किंवा शेवाळ हाताने उपटून टाकणे. वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९८० साली प्रवाळभित्तीची टाकी उभारली, तेव्हा त्याने शेवाळालाच कामाला लावले. वेगळ्या जागी, प्रखर दिव्याखाली जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढवायचे आणि ते वरचेवर खरवडून फेकून द्यायचे. शत्रूला पगारावर ठेवण्यासारखीच ही युक्ती!

येथे चाचणीबाबत एक सूचना. टाकी शेवाळाने भरलेली असतानाही पाण्यात नायट्रेट शून्य आढळते आणि पाळणारा चक्रावतो. त्यात गूढ काही नाही. नायट्रेट शेवाळाने शोषून घेतलेले असते.

कोणता मासा काय खातो हेही नीट पाहिले पाहिजे. हवाईचा पिवळा टँग, झेब्रासोमा फ्लॅव्हेसेन्स, कोवळे केसाळ शेवाळ आवडीने खातो. शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असल्यामुळे त्याच्या कुळाला सर्जन मासे म्हणतात. याच कुळातील टेनोकीटस वंशाच्या माशांचे दात ब्रशाच्या केसांसारखे असतात. ते खडकावरचा पातळ थर आणि गाळ विंचरून घेतात, लांब झुपके त्यांना तोडता येत नाहीत. ससा-मासे मोठ्या पानांचे शेवाळ खातात, मात्र त्यांचे काटे विषारी असल्याने टाकीत हात घालताना जपावे. सॅलॅरियस फॅशिएटस हा लहानसा ब्लेनी काच आणि दगड चाटत बसतो. तपकिरी थर धरणारे डायटम नव्या टाकीत काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी मासा आणू नये. लाल बुळबुळीत थर तर शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू असतात आणि बहुतेक मासे त्यांना तोंड लावीत नाहीत.

शेवाळ एकदा माजले की नेहमीचे चरणारेही हात टेकतात. ऑस्ट्रेलियातील ऑर्फियस बेटाजवळ संशोधकांनी भित्तीचे काही भाग पिंजऱ्यांनी झाकून सुमारे तीन वर्षे मोठे मासे दूर ठेवले. आत सरगॅसमचे रान माजले. पिंजरे काढल्यावर पोपट मासे आणि सर्जन मासे ते साफ करतील अशी अपेक्षा होती. त्यांनी फारसे काहीच केले नाही. काम केले बॅटफिशने, जो मुख्यतः लहान अपृष्ठवंशी प्राणी खातो असा समज होता. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. (म्हणून कोणी बॅटफिश विकत आणू नये. तो फार मोठा होतो आणि प्रवाळही कुरतडतो.)

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी लांब शेवाळ हाताने उपटावे, खाद्य कमी करावे, दिवे आठ-नऊ तासांवर आणावेत. बाष्पीभवनाने उडालेले पाणी भरताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यात नायट्रेट असू शकते, आर. ओ. यंत्राचे शुद्ध पाणी घालावे. मासा आणायचा तो यानंतर, कोवळी पालवी रोजच्या रोज खुडण्यासाठी. त्याला निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, कारण सर्जन मासे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला चटकन बळी पडतात. शिवाय पिवळा टँग वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. दोन फुटी टाकीत तो कोंडणे ही क्रूरता आहे. चारशे लिटरच्या आतली टाकी असेल तर टँगचा विचारच सोडावा आणि ब्लेनी किंवा ट्रोकस गोगलगायी यांवर भागवावे.

शेवाळ संपल्यावर या माशांचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. टाकी स्वच्छ झाल्याच्या आनंदात ब्लेनी उपाशी मरतो. त्याचे पोट खपाटीला गेलेले दिसले की समजावे. टँगसाठी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, म्हणजे नोरीचा तुकडा चिमट्याने काचेला रोज लावावा, आणि तेही खाद्यच असल्याने वरच्या हिशेबात धरावे. हे मासे बहुतांशी समुद्रातल्या भित्तींवरूनच पकडून आणलेले असतात. पिवळ्या टँगची पैदास बंदिवासात करणे हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला प्रथम २०१५ साली साधले, आणि त्यानंतर अशी पिल्ले बाजारातही येऊ लागली. ती महाग असतात, पण लहानपणापासून टाकीतले खाद्य खाण्याची त्यांना सवय असते. मासा घेताना तो कोठून आला हे दुकानदाराला विचारावे, आणि तो दुकानातच खाद्य खातो की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.