भूमिका-खेळातील भय

फासे व संभाषण यांच्या आधारे चालणाऱ्या भूमिका-खेळांची परंपरा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून सुरू होते. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंग वर्णितो आणि कृतीचा निकाल फासे देतात. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) यांनीही पटावरील अनेक खेळ रचले. परंतु पटावर सोंगटी मरते, येथे आपलेपणाने वाढविलेले पात्र मरते. भयाला वाव मिळतो तो यामुळेच.

अडचण अशी की, अद्भुतकथेतील वीर उत्तरोत्तर बलवान होत जातो. आणि जे तलवारीने मारता येते त्याचे भय फार काळ टिकत नाही. यावर दोन उपाय निघाले. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या खेळात भीषण दर्शनासरशी पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण घटतात. हा घाव ढालीने अडत नाही. ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये (१९८३) रक्तपिपासू सरदार स्ट्राड कोठे भेटेल व त्याचा हेतू कोणता, हे पत्ते काढून ठरते, म्हणून पूर्वी खेळलेल्यालाही ती गढी अनोळखीच राहते.

सारांश, राक्षसांची संख्या वाढविल्याने भय वाढत नाही. ज्ञान व सामर्थ्य यांना मर्यादा घातल्याने वाढते. मात्र भय पात्राला वाटावे, खेळाडूला त्याचा जाच होऊ नये. कोणते विषय वर्ज्य मानावेत, हे सूत्रधाराने आरंभीच विचारून घ्यावे; विश्वास असेल तरच माणूस स्वखुशीने अंधारात पाऊल टाकतो.