आरोग्य प्रबोधन : तेलकट त्वचेसही ओलाव्याची गरज

मोरा बंदराच्या परिसरातील हवा समुद्रसान्निध्यामुळे दमट आहे. लाँचने भाऊच्या धक्क्यास जाणारे विद्यार्थी व नोकरदार, तसेच मासळीविक्री करणाऱ्या भगिनी यांचे चेहरे घामाने व तेलाने लवकर चिकट होतात. त्यामुळे “चेहरा मुळातच तेलकट, त्यावर आणखी क्रीम कशाला?” असा प्रश्न मुरुमांच्या रुग्णांचे पालक विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळदा उपचाराचे यश अवलंबून असते.

तेल व ओलावा ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यातील तूट भरून काढीत नाही. तेलकटपणा तैलग्रंथींच्या स्रावामुळे येतो, तर ओलावा म्हणजे त्वचेच्या बाह्य थरात टिकून राहिलेले पाणी. घाम व दमट हवा ही तूट भरून काढू शकत नाहीत. वारंवार साबण लावल्याने व चेहरा घासल्याने हा थर दुखावतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड व अ‍ॅडापॅलीन ही मुरुमांवरील गुणकारी औषधेही प्रारंभीच्या आठवड्यांत त्वचा कोरडी करतात. आग होते, पापुद्रे निघतात. “औषध मानवले नाही” असे समजून अनेक रुग्ण याच टप्प्यावर उपचार सोडतात. वास्तविक गुण दिसण्यास साधारणतः ८ ते १२ आठवडे लागतात, आणि अर्धवट उपचारामुळे कायमचे व्रण राहण्याचा धोका असतो.

याकरिता पुढील पथ्ये पाळावीत :

१) सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच चेहरा धुवावा, घासू नये.

२) ग्लिसरीनयुक्त, हलके जेल वा लोशन निवडावे. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रोमरंध्रे न बुजविणारे, असा उल्लेख पाहावा. खोबरेल तेल चेहऱ्यास लावू नये.

३) अ‍ॅडापॅलीन रात्री, मटाराच्या दाण्याएवढेच, कोरड्या चेहऱ्यावर लावावे. आग होत असल्यास आधी मॉइश्चरायझर लावावे. गरोदरपणात हे औषध वापरू नये.

४) दिवसा सनस्क्रीन वापरावे.

दुकानातून परस्पर आणलेल्या ‘गोरेपणाच्या’ मलमांविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. प्रारंभी चेहरा उजळ वाटतो. पुढे त्वचा पातळ होते व मुरुमे बळावतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये समाविष्ट केली असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत.

मुरुमांच्या रुग्णाच्या चिठ्ठीत लिहिलेले मॉइश्चरायझर ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. पालकांनी, तसेच गरजू रुग्णांच्या औषधखर्चास हातभार लावणाऱ्या देणगीदारांनी, ते सौंदर्यप्रसाधन समजून वगळू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.