काचपेटीसाठी सापासारख्या लांबट माशांची निवड

शोभेच्या माशांची काचपेटी ही आता केवळ शहरातील बंगल्यांत आढळणारी वस्तू राहिलेली नाही. गावच्या शाळेत, पंचायतीच्या कचेरीत आणि शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओसरीवरही ती दिसू लागली आहे. अशा पेटीत एखादा सापासारखा लांबट मासा असावा, असे पुष्कळांना वाटते. वाळूत सर्व अंग पुरून केवळ मुस्कट बाहेर ठेवणारा हा प्राणी मुलांना तासन्‌तास खिळवून ठेवतो, हे खरे आहे. परंतु या माशांच्या बाबतीत जितकी निराशा पदरी येते, तितकी इतर माशांच्या बाबतीत क्वचितच येते. दुकानात बोटाएवढा दिसणारा मासा पूर्ण वाढल्यावर किती लांब होईल, याची चौकशी घेणाऱ्याने केलेली नसते. सबब, निवड करताना रंगाकडे नंतर पाहावे. पूर्ण वाढीची लांबी प्रथम विचारावी.

दिसण्यात सारखे, जातीने निराळे

दुकानदार या सर्व माशांना सरसकट ‘ईल’ म्हणतो. वस्तुतः त्यांपैकी बहुतेक खऱ्या ईलच्या कुळातील नाहीत. आपल्या नद्यांत आढळणारा अहीर हा मात्र खरा ईल होय. त्याचे अंग गुळगुळीत व बुळबुळीत असते, आणि पाठीवरचा, शेपटीचा व पोटाखालचा पर मिळून एकच सलग झालर झालेली असते. नदीतील वाम ही वेगळ्या कुळातील आहे. तिच्या पाठीवर पुढील भागात सुट्या काट्यांची रांग असते आणि मुस्कटाचे टोक मांसल व लवचीक असते. हाताळताना हे काटे चांगलेच बोचतात. कोकण किनाऱ्यावर समुद्रातील एका मोठ्या ईललाही वाम असेच म्हणतात. तेव्हा कोकणातील व देशावरील मंडळी वामीविषयी बोलू लागली, की ती एकाच माशाविषयी बोलत आहेत असे समजू नये.

यांखेरीज, पर जवळजवळ नाहीसे झालेले, दलदलीत व चिखलात राहून हवेतून श्वास घेणारे मासे हा तिसरा प्रकार. कुहली हा लहानसा मासा चौथ्या प्रकारात मोडतो आणि पश्चिम आफ्रिकेतील दोरमासा पाचव्या.

मोठ्या जातींचा मोह

पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यात सापडलेली वामीची पिले मुले हौसेने घरी आणतात. परंतु वाम ९० सेंमीपर्यंत वाढते व तिच्या तोंडात मावेल तो लहान मासा ती रात्री फस्त करते. अहीर एक मीटरहूनही अधिक लांब होतो. तो गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. त्यामुळे घरच्या पेटीत त्याची वीण होणे शक्य नाही. ‘फायर ईल’ या नावाने विकला जाणारा, तांबड्या पट्ट्यांचा आग्नेय आशियातील मासा अत्यंत देखणा असला, तरी तोही सुमारे एक मीटर लांब होतो. हे तिन्ही मासे घरगुती पेटीसाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यम आकाराचा मासाच हवा असेल, तर ‘पीकॉक ईल’चा विचार करता येईल. हा वामीच्याच कुळातील असून त्याच्या शेपटीकडील भागावर मोराच्या पिसावरील डोळ्यासारखे ठिपके असतात. तो फार तर ३० सेंमी लांब होतो. त्याच्यासाठी ९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच अशी पेटी असावी. या तीन मापांचा गुणाकार करून १,००० ने भागले, की पेटीत किती लिटर पाणी मावते ते कळते. येथे ते १४४ लिटर येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने वाळू व काच धरून हा भार दीड क्विंटलच्या पुढे जातो. तो सांध्याच्या लाकडी टेबलावर ठेवू नये.

आरंभासाठी कुहली

नवशिक्याने कुहली निवडावा, हे उत्तम. पिवळसर अंगावर गडद तपकिरी पट्टे व तोंडाभोवती बारीक मिशा असलेला हा मासा साधारणतः ८ ते १० सेंमीच वाढतो. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच पेटी, म्हणजे ५४ लिटर पाणी, त्याला पुरते. मात्र तो एकटा ठेवू नये. पाच-सहा एकत्र असले म्हणजे ते धीट होतात, एरवी दडून बसतात. त्याच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो व तो जाळीत अडकतो. म्हणून त्याला जाळीने न उचलता पेल्याने पाण्यासह उचलावे.

वाळूत शिरणाऱ्या कोणत्याही माशासाठी तळाशी पाच सेंमी जाडीचा बारीक, धुतलेल्या वाळूचा थर द्यावा. खडीच्या कडांनी त्यांच्या अंगाला ओरखडे पडतात व तेथून रोग शिरतो. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. खाणे दिवे मालवण्याच्या सुमारास द्यावे. कोरड्या खाद्याकडे वामीच्या कुळातील मासे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना गांडुळे आवडतात. ती कीटकनाशक फवारलेल्या रानातून आणू नयेत, हे शेतकऱ्यांना मुद्दाम सांगावयास हवे. तसेच मासा आजारी दिसताच घरातील मोरचूद पेटीत टाकण्याचा प्रकार मी पाहिला आहे. या माशांचे खवले अतिशय बारीक असल्याने तांब्याची औषधे त्यांना लवकर बाधतात. असा उपाय करण्यापेक्षा पाणी बदलणे चांगले.

झाकणाविषयी एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या पेटीला झाकण होते, परंतु हवेच्या नळीसाठी ठेवलेले छिद्र दोन बोटे रुंद होते. सकाळी मासा दाराच्या उंबरठ्याशी वाळलेला सापडला. तेव्हापासून नळीभोवतालची फट मी स्पंजाने बुजवितो व झाकणावर वजन ठेवतो. दोरमासा तर या कलेत सर्वांत निष्णात. शिवाय तो पृष्ठभागावर येऊन हवा घेत असल्याने झाकणाखाली थोडी मोकळी जागाही सोडावी लागते.

पेटीतून विहिरीत नको, विहिरीतून पेटीत नको

मासा मोठा झाला किंवा हौस फिटली, की तो विहिरीत अथवा ओढ्यात सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. ती घातक आहे. आशियातील दलदली ईल अमेरिकेतील जॉर्जिया व फ्लॉरिडा या राज्यांच्या पाण्यात १९९० नंतरच्या दशकात आढळला आणि तेथे कायमचा वसला. उजनीच्या जलाशयातील चिलापी आपल्या परिचयाची आहेच. तीही मूळची येथील नव्हे.

विहिरीच्या बाबतीत तर अधिकच जपावयास हवे. मुंबईत जोगेश्वरी येथील एका विहिरीत डोळे, पर व खवले मुळीच नसलेला, तांबूस रंगाचा दलदली ईलच्या कुळातील मासा आढळला. तो शास्त्राला नवा असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि मुंबादेवीवरून त्याच्या जातीला ‘मुंबा’ हे नाव देण्यात आले. केरळातही कुहलीच्या नात्यातील एक मासा विहिरीत सापडला व २०१९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. हे प्राणी भूगर्भातील पाण्यात राहतात आणि क्वचितच विहिरीत येतात. गाळ काढताना असा तांबूस, गांडुळासारखा प्राणी दिसल्यास मजूर त्यास साप किंवा जंत समजून ठेचण्याचा संभव असतो. आणि हौशी मनुष्य त्यास काचपेटीत ठेवील. दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरी उपसण्याच्या हंगामापूर्वी गाळ काढणाऱ्या टोळ्यांना ही माहिती द्यावी. असा प्राणी सापडल्यास त्याच विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवून तिच्यावर ओले फडके बांधावे, छायाचित्र घ्यावे, आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागास अथवा पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रास कळवावे. काम संपताच, तज्ज्ञांनी वेगळे सांगितले नसल्यास, तो त्याच विहिरीत परत सोडावा. दुकानातून आणलेला मासा नकोसा झाला असेल, तर तो दुकानदारास परत करावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. बहुतेक दुकानदार धडधाकट मासा विनामूल्य घेण्यास तयार असतात.