धोंड्यांची वर्तुळे

पाथरीच्या शिवारात शेतातले धोंडे वेचून बांधावर रचतात. मग रानात धोंड्यांचे एखादे कडे दिसले, तर ते शेतकऱ्याने रचले की प्राचीन माणसाने, हे कसे ओळखावे?

उत्तरासाठी विदर्भात जाऊ. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कारनॅक यांनी त्यांची माहिती १८७९ साली प्रसिद्ध केली. वरून पाहिले तर मोठ्या धोंड्यांचे कडे आणि आत भरलेली माती, एवढेच दिसते. पण काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत. पाऊस अशी ओळ धरून कोसळत नाही! १९६१-६२ मध्ये तीन वर्तुळे खणली, तेव्हा लोखंडी हत्यारे, भांडी आणि घोड्याच्या जातीच्या जनावराचे अवशेष मिळाले. ही लोहयुगातील दफने होत. वय दोन हजार वर्षांहून अधिक.

यातली भांडी आतून काळी व बाहेरून तांबडी असतात. ती रंगवलेली नव्हेत. भांडे पालथे घालून भाजले, की बाहेर हवा लागून मातीतील लोहाचे तांबडे ऑक्साइड बनते. आत हवा पोचत नाही, तेथे कार्बन धरून काळा रंग येतो. कुंभाराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, भट्टी मात्र पुरती ठाऊक होती.

कडे मोडून धोंडे खडीला नेले, तर भांडे मातीत राहीलही. पण ते मध्यापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला ठेवले होते, हे मग कशावरून मोजणार? म्हणून असे कडे आढळल्यास खणू नका. व्यास मोजा, धोंडे मोजा, होकायंत्राने दिशा टिपा आणि शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.